ड्राउझी मॅगी: फिडलवरची एक आयरिश रील, तिची रूपं आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्हायोलिन (लोकसंगीतात त्यालाच फिडल म्हणतात) हातात बऱ्यापैकी बसलं आहे आणि आता आयरिश लोकसंगीताकडे वळायचं आहे, अशा वादकांसाठी हे पान आहे. शिक्षण हिंदुस्थानी पद्धतीचं असो वा पाश्चात्त्य, प्रश्न साधारण सारखेच येतात. उत्तरं देण्यासाठी एकच रील निवडली आहे, कारण एक धून आतून-बाहेरून कळली की बाकीच्या धुनांची वाट सोपी होते. स्वर सरगममध्ये दिले आहेत.

रील म्हणजे काय, आणि ही रील कुठली?

रील हा नाचाच्या धुनेचा प्रकार आहे. तो स्कॉटलंडमध्ये घडला, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आयर्लंडमध्ये रुजला आणि आज आयरिश वादकांच्या बैठकीत सर्वांत जास्त वाजणारा प्रकार तोच आहे. प्रत्येक मापात आठ जलद स्वर असतात आणि पाय दोनदा पडतो, पहिल्या आणि पाचव्या स्वरावर. केरव्याच्या आठ मात्रांची सवय असलेल्याला ही मोजणी जड जात नाही. वजन मात्र वेगळ्या ठिकाणी पडतं, त्याबद्दल पुढे येईल.

ड्राउझी मॅगी ही आयर्लंडची पारंपरिक रील. तिचा रचनाकार कोणी नोंदवलेला नाही. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी स्थलांतरित आयरिश वादकांकडून धुना गोळा करून १९०३ साली १८५० धुनांचा जो मोठा संग्रह छापला, त्यात ती आहे. नवशिक्यांना ती लवकर दिली जाते, कारण पहिला भाग चारच मापांचा आहे. पण लवकर पाठ होते म्हणजे सोपी आहे, असं नाही. गजाची इतकी कडक परीक्षा घेणाऱ्या रीली नवशिक्यांच्या यादीत फार नाहीत.

स्वर सांगा.

ई हा सा धरा, म्हणजे पांढरी तीन. सगळे ग आणि नि कोमल, बाकी शुद्ध. म्हणून खाली कोमलाच्या खुणा केलेल्या नाहीत. डोक्यावर टिंब म्हणजे तार सप्तक, नि़ म्हणजे मंद्रातला. आडवी रेघ म्हणजे आधीचा स्वर तेवढाच लांबवायचा. उभी रेघ मापाच्या मध्यावर आहे.

पहिला भाग:
१) सा – प सा | नि सा प सा
२) सा – प सा | म रे नि़ रे
३) सा – प सा | नि सा प सा
४) प म प ध | नि म रे नि़

दुसरा भाग:
१) नि – रें नि | ध – सां ध
२) नि सां रें गं | मं रें गं सां
३) नि – रें नि | ध – सां ध
४) प म प ध | नि म रे म
५) नि – रें नि | ध – सां ध
६) नि सां रें गं | मं रें गं सां
७) मं रें गं सां | रें नि सां ध
८) प म प ध | नि म रे नि़

आधी हे गाऊन पाठ करा. तोंडात बसलं नसेल तर बोटांत बसत नाही, हे इथेही खरं आहे.

हे काफी थाटाचे स्वर झाले. मग काफी समजून वाजवलं तर?

स्वर तेच आहेत, तेवढ्यापुरतं साम्य खरं. पाश्चात्त्य भाषेत याला डोरियन म्हणतात. पण दुसऱ्या भागात धुनेचा आधारच हलतो. तिथे कान सा-वर विसावत नाही, नि-वर विसावतो, म्हणजे डी हा नवा षड्ज होतो आणि त्या षड्जावरून ऐकलं तर बिलावल ऐकू येतो. ई-वरून डी-वर जाणं आणि चौथ्या-आठव्या मापात परत येण्याची ओढ लावणं, हीच या रीलची जान आहे. काफीची आंदोलनं आणि मिंड घातली की ही ओढ पुसट होते. स्वर सरळ घ्या, सुटे घ्या.

तानपुऱ्याच्या ॲपवर रियाज करणार असाल तर पहिल्या भागाला पांढरी तीन लावा, दुसऱ्या भागाला पांढरी दोन. एकाच षड्जावर अख्खी रील घासली तर दुसरा भाग बेसूर असल्याचा भास होतो आणि बोटं नसलेली चूक सुधारायला जातात.

पहिला भाग किती वेळा वाजवायचा? प्रत्येक ठिकाणी वेगळं ऐकू येतं.

कारण खरोखरच वेगवेगळं वाजवतात. चार मापांचा पहिला भाग दोनदा आणि आठ मापांचा दुसरा भाग एकदा, अशी सोळा मापांची फेरी सर्रास ऐकू येते. काही ठिकाणी दोन्ही दुप्पट करून बत्तीस मापं होतात. काही आवृत्त्यांना तिसरा आणि चौथा भागही आहे. अनोळखी बैठकीत पहिली फेरी हळू आवाजात, कान उघडे ठेवून काढायची. दुसऱ्या भागाची पुनरावृत्ती आहे की नाही, हे आठव्या मापानंतर लगेच कळतं. आठव्या मापाचा शेवट नि़ वर असल्याने तिथून पहिल्या भागाच्या सा-वर जाणं अगदी सहज होतं, म्हणून चुकलेला माणूस बहुधा तिथेच चुकतो.

सा आणि प यांच्यात सारखी उडी आहे. बोट उचलून ठेवताना उशीर होतो.

बोट उचलायचंच नाही. पाश्चात्त्य जुळणीत (जी-डी-ए-ई) सा म्हणजे डी तारेवरचं पहिलं बोट आणि प म्हणजे ए तारेवरचं पहिलं बोट, दोन्ही एकाच रेषेत. पहिलं बोट दोन्ही तारांवर एकदम आडवं ठेवा आणि पूर्ण मापभर तिथेच राहू द्या. नि साठी ए तारेवर तिसरं बोट टाका, ते उभं राहिलं पाहिजे. ते आडवं पडून डी तारेला चिकटलं की पुढचा सा घुसमटतो. या भागातली निम्मी खरखर याच कारणाने येते.

आडव्या बोटाखाली सा सुरात आणि प उतरलेला, असं झालं तर आधी तारा तपासा. डी आणि ए यांच्यातलं पंचमाचं अंतर चोख नसेल तर एकाच बोटाखाली दोन्ही स्वर कधीच जुळणार नाहीत. तारा चोख असूनही जुळत नसेल तर बोट किंचित कलतं करा. दाब वाढवून उपयोग होत नाही.

दोन-तीन फेऱ्यांनंतर गज उलटा पडतो आणि सगळं विस्कटतं. असं का?

मोजून बघा. पहिल्या मापात एक लांब स्वर आणि सहा छोटे, म्हणजे सात स्वर. प्रत्येकाला वेगळा फटका दिला तर सात फटके होतात. पहिलं माप खालच्या गजाने (म्हणजे गज खाली ओढत) सुरू झालं तर दुसरं वरच्या गजाने सुरू होणार, तिसरं पुन्हा खालच्या, चौथं वरच्या. चौथ्या मापात आठ स्वर आहेत, म्हणून पुनरावृत्ती वरच्या गजानेच सुरू होते. म्हणजे तोच भाग दुसऱ्यांदा वाजवताना हाताला सगळं उलटं करावं लागतं. गणितच तसं आहे, हात दोषी नाही.

सुरुवातीला एवढंच करा: लांब सा-नंतरचे ‘प सा’ हे दोन स्वर एकाच वरच्या गजात बांधा. आता सा खाली, ‘प सा’ वर, मग नि खाली, सा वर, प खाली, सा वर. सहा फटके झाले आणि पुढचं माप पुन्हा खालच्या गजावर आलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापालाही हेच. चौथ्या मापात आठही स्वर सुटे. दुसऱ्या भागात ‘रें नि’ आणि ‘सां ध’ या जोड्या अशाच बांधा, म्हणजे तिथेही प्रत्येक माप खालच्या गजाने सुरू होईल.

हा पाया आहे, मुक्काम नव्हे. हात स्थिरावल्यावर हे बंधन सैल करायचं.

सगळं बरोबर वाजतं, तरी आयरिश वाटत नाही.

जवळजवळ नेहमी कारण एकच असतं: जोर चुकीच्या जागी पडतो, किंवा कुठेच पडत नाही. प्रत्येक मापाच्या पहिल्या स्वरावर आदळलं की ते कवायतीसारखं होतं. अनुभवी फिडलवादक दोन पावलांच्या मधल्या जागी, म्हणजे तिसऱ्या आणि सातव्या स्वरावर, गजाचा वेग किंचित वाढवतात. दाब नाही, वेग. या रीलच्या पहिल्या मापात तिसऱ्या आणि सातव्या जागी प येतो, वरच्या तारेवर. तिथे गजाला थोडी झटक मिळाली की धून चालायला लागते. दुसरी युक्ती म्हणजे मापाचा शेवटचा स्वर पुढच्या मापाच्या पहिल्या स्वराशी एकाच गजात बांधणं. मापाची हद्द ओलांडून बांधल्यामुळे पहिल्या स्वरावरचा धक्का आपोआप मऊ होतो.

शिवाय आठ स्वर कागदावर सारखे दिसतात, पण वाजताना प्रत्येक जोडीतला पहिला केसभर लांब आणि दुसरा केसभर आखूड असतो. वेग वाढला की हा फरक कमी होत जातो. तो लिहून दाखवता येत नाही, ऐकूनच घ्यावा लागतो. एकाच वादकाचं एकच ध्वनिमुद्रण निवडा आणि तेच पुन्हा पुन्हा ऐका. पाच जणांचं थोडं थोडं ऐकून यातलं काही हाती लागत नाही.

गज किती वापरायचा?

मध्यापासून वरच्या तिसऱ्या भागापर्यंत. छोट्या स्वराला पाच ते आठ सेंटिमीटर पुरे. डी आणि ए तारांमधला झोका कोपराने घेऊ नका. गज अशा कोनात धरा की तो दोन्ही तारांना जवळजवळ टेकलेला आहे, मग मनगट अगदी थोडं वर-खाली झालं तरी तार बदलते. खात्री करायची असेल तर आधी सा आणि प एकत्र, एकाच गजात लांब वाजवा. तो कोन हाताला कळला की त्याच्या दोन बाजूंना हलकेच झुका.

कट, रोल, ट्रेबल यांचा गोंधळ होतो.

तिन्ही गोष्टी ठेक्यासाठी आहेत. त्यांच्याकडे सजावट म्हणून पाहिलं की त्या उशिरा येतात.

कट म्हणजे मुख्य स्वराच्या आधी वरचा स्वर बोटाने नुसता टिचकून जाणं. तो स्वर म्हणून ऐकू आला तर तो लांबला असं समजा.

लांब रोल तीन छोट्या स्वरांची जागा घेतो: मुख्य, वरचा टिचका, मुख्य, खालचा टिचका, मुख्य, सगळं एका गजात. आखूड रोल दोन स्वरांच्या जागेत बसतो. पहिल्या भागातल्या ‘सा –’ ला आखूड रोल चांगला बसतो: वरचा टिचका तिसऱ्या बोटाचा, खालचा मोकळ्या डी तारेचा. सगळ्यांत जास्त होणारी चूक म्हणजे पाचही स्वर समान लांबीचे करणं. मुख्य स्वराला वजन हवं, टिचक्यांना सूर असण्याची गरजच नाही.

ट्रेबल म्हणजे एकाच स्वरावर गजाचे तीन झटपट छोटे फटके, एका लांब स्वराच्या जागेत. गज इथे एक-दोन सेंटिमीटरच हलतो, हालचाल बोटांतून आणि मनगटातून येते. खांदा आवळला की ट्रेबल मरतो. ‘सा –’ च्या जागी ‘सासासा’ घाला आणि नंतरचे ‘प सा’ बांधलेलेच ठेवा, म्हणजे मापात आठ फटके होतात आणि पुढचं माप पुन्हा खालच्या गजावर येतं.

एका फेरीत दोन-तीन जागा पुरेत. प्रत्येक लांब स्वरावर ट्रेबल मारणाऱ्याची रील तिसऱ्या मापातच थकलेली ऐकू येते.

बदल कसे करायचे? कुठे मोकळीक आहे, कुठे नाही?

हा खरा प्रश्न आहे, म्हणून जरा सविस्तर.

हिंदुस्थानी संगीतातून येणाऱ्याला वाटतं की धून माहीत झाली, आता उपज करावी. रीलमध्ये मापांची संख्या हलत नाही, समेवर येण्यासाठी फिरून यायला जागा नाही आणि शेजारी पाच जण तीच धून वाजवत असतात. बदल लहान असतो, एखाद्या मापाचा, कधी दोन-तीन स्वरांचा. तो शेजाऱ्याच्या धुनेवर आदळता कामा नये.

त्यासाठी आधी कणा ओळखा, म्हणजे पाय पडतो त्या जागेचे स्वर. पहिल्या भागाचा कणा: सा नि, सा म, सा नि, प नि. दुसऱ्या भागाचा: नि ध, नि मं, नि ध, प नि, मग पुन्हा नि ध, नि मं, आणि शेवटी मं रें, प नि. हे स्वर राखून मधलं बदललं तर धून ओळखू येते. कणा मोडला तर ती दुसरी रील होते.

आता प्रत्यक्ष बदल.

पहिल्या मापात लांब सा मोडून ‘सा प प सा | नि सा प सा’ करा. आठ सुटे फटके होतात, बांधणी लागत नाही, आणि प-चा गुंजारव वाढतो. दुसऱ्या मापाचा उत्तरार्ध ‘म रे नि़ रे’ ऐवजी ‘म ग रे नि़’. कागदावर फरक किरकोळ आहे, पण उड्यांऐवजी उतरण आल्याने माप एकदम गायल्यासारखं होतं. चौथ्या मापाचा शेवट ‘नि म रे नि़’ ऐवजी ‘नि म ग रे’ केला तर पुढच्या सा-वर पायरी उतरल्यासारखं येता येतं. मात्र हा बदल प्रत्येक फेरीत करू नका. मूळ शेवटातली नि़ वरून सा-वर येणारी खालून वरची ओढ जास्त ताकदीची आहे.

दुसऱ्या भागाच्या पहिल्या मापात मोकळ्या ए तारेला मध्ये आणून ‘नि म रें म | ध म सां म’ वाजवा. कणा जागेवर राहतो आणि म सतत घुमत राहिल्याने दोन फिडल वाजत असल्याचा भास होतो. इथे बिघडतं ते तिसरं बोट उशिरा उचलल्यामुळे. नि-नंतर ए तार मोकळी व्हायला हवी, म्हणून बोट गजाच्या आधी सुटलं पाहिजे.

दुसऱ्या भागाच्या सातव्या मापाला, ‘मं रें गं सां | रें नि सां ध’, शक्यतो हात लावू नका. सहाव्या मापाचा शेवट आणि सातव्याची सुरुवात एकच आहे. तीच पुनरुक्ती धुनेला शेवटाकडे ढकलते. तिथे बदल केला की आठवं माप अचानक आल्यासारखं वाटतं.

सप्तक बदलून पाहायचं असेल तर दुसऱ्या भागाची पहिली तीन मापं खालच्या सप्तकात सहज बसतात. चौथं माप बसत नाही, कारण त्यातला रे फिडलच्या सर्वांत खालच्या तारेच्याही खाली जातो. पहिला भागही याच कारणाने खाली नेता येत नाही. दोन फिडल असतील तर एकाने वर, दुसऱ्याने खाली, ही जुनी आणि फार सुंदर पद्धत आहे.

एक क्रम उपयोगी पडतो: पहिली फेरी साधी, दुसरीत कट आणि ट्रेबल, तिसरीत एक किंवा दोन स्वरबदल. ऐकणाऱ्याच्या कानात मूळ धून बसल्याशिवाय बदल बदल म्हणून ऐकूच येत नाही.

दुसऱ्या भागातला ध कोणी शुद्ध घेतं, कोणी कोमल. बरोबर काय?

दोन्ही चालतात. शुद्ध ध घेतला तर दुसरा भाग उजळ, कोमल घेतला तर जुनाट आणि काहीसा गंभीर. पण एकाच बैठकीत दोघांनी दोन प्रकार वाजवले की अर्ध्या सुराची टक्कर होते आणि ती सगळ्यांना ऐकू येते. जो धून सुरू करतो त्याचा ध सगळ्यांचा ध. चौथ्या आणि आठव्या मापातला ‘प म प ध’ मात्र बहुतेक जण शुद्धच ठेवतात. गिटारवाल्याला आधी सांगणं बरं, कारण त्याचा कॉर्ड यावरून बदलतो.

स्लीपी मॅगी हीच का?

नाही. नावं जवळची आहेत, धुना वेगळ्या. स्लीपी मॅगी ही स्कॉटिश रील, कॅनडातल्या केप ब्रेटनच्या फिडलवादकांत ती फार जिवंत आहे. त्याच बेटावरच्या अ‍ॅशली मॅकआयझॅकने १९९५ साली ती आधुनिक साथीवर ध्वनिमुद्रित केली आणि ती खूप गाजली. आयर्लंडमध्ये तिच्या कुळातली जेनीज चिकन्स वाजते. ऑनलाइन शोधताना या नावांची सरमिसळ होते. पहिल्या मापात सा आणि प यांचा झोका नसेल तर ती ड्राउझी मॅगी नव्हे, असं समजा.

प्रांताप्रांताचा ढंग किती वेगळा आहे?

बराच. वायव्येच्या डोनेगालमध्ये स्कॉटलंडचा प्रभाव दिसतो: सुटे, ठळक फटके, रोल कमी, ट्रेबल जास्त, वेग तिखट. जॉन डोहर्टी हे तिथलं मोठं नाव. ही रील त्या ढंगात फार खुलते, कारण पहिल्या भागाचा झोका सुट्या गजालाच शोभतो. स्लायगोचा ढंग उसळता आणि रोलने भरलेला. मायकल कोलमन (१८९१–१९४५) यांनी न्यूयॉर्कमध्ये केलेल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांनी तो ढंग आयर्लंडभर पोहोचवला, इतका की कित्येक गावांचे स्वतःचे ढंग मागे पडले. पूर्व क्लेअरमध्ये वेग कमी आणि ओलावा जास्त. केरी-कॉर्क सीमेवरच्या स्लीव्ह लूक्रा भागात पोल्का आणि स्लाइड या नाचाच्या दुसऱ्या धुनांचं राज्य आहे, रील तिथे दुय्यम.

सुरुवातीला एका ढंगाशी प्रामाणिक राहा. डोनेगालचा गज आणि स्लायगोचे रोल एकत्र केले की दोन्ही बिघडतात.

व्हायोलिन हिंदुस्थानी जुळणीत आहे. तारा बदलाव्या लागतील का?

तारा खालून वर प़ सा प सां अशा लावलेल्या असतील तर नाही. मधल्या दोन तारांत पंचमाचंच अंतर आहे. सा-ची तार डी-ला लावा, म्हणजे पहिला भाग त्याच बोटांनी, त्याच आडव्या पहिल्या बोटाने वाजेल. फक्त लक्षात ठेवा की रीलचा सा हा तुमच्या मोकळ्या तारेचा रे आहे. फरक पडतो तो वरच्या तारेवर. पाश्चात्त्य जुळणीत ती ई असते, तुमची डी आहे. म्हणून दुसऱ्या भागात रीलचा सां पहिल्या बोटाला, रें दुसऱ्या, गं तिसऱ्या आणि मं चौथ्या बोटाला येईल. बदल्यात नि मोकळ्या तारेवर मिळतो, तो छान घुमतो.

हाताला लागलेली घसीट मात्र रोखावी लागेल. स्वरावर खालून हलकीशी सरक आयरिश वादकही घेतात, पण क्वचित. दोन स्वर जोडण्यासाठी ती वापरत नाहीत.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेल्यांना काय अडतं?

त्यांची अडचण उलट आहे. गोव्यात चर्चच्या शाळांतून स्टाफ नोटेशन वाचत व्हायोलिन शिकण्याची मोठी परंपरा आहे, मुंबई-पुण्यातही परीक्षा देणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या हातात सूर चोख असतो, पण कागद समोरून हटत नाही. कागदावर या रीलचा सांगाडाच असतो. दुसरं म्हणजे व्हायब्रेटो, बोट हलवून स्वराला दिलेला कंप. रीलमध्ये तो जवळजवळ वापरत नाहीत, जलद स्वरांवर तर अजिबात नाही. तिसरं, पूर्ण लांबीच्या गजाची सवय. चार मापं कानाने उचला, पाठ करा, मग पुढची चार. कागद शेवटी, पडताळण्यासाठी.

त्यांना आणि इतरांनाही बोटांची एक अडचण येते. ए तारेवर ध साठी दुसरं बोट वर, तिसऱ्याला खेटून असतं. ई तारेवर गं साठी तेच बोट खाली, पहिल्याला खेटून हवं. दुसऱ्या भागात ते सतत वर-खाली होतं आणि गं चढा लागतो. फक्त ‘ध सां गं सां’ असा तुकडा हळू घोटा.

बासरीवर होईल का?

होईल. आयरिश बासरीवादक आणि टिन व्हिसलवाले ही रील डी-च्या वाद्यावर वाजवतात. आपल्याकडे पांढरी पाचची बासरी घ्या. तिची सहा भोकं बंद केली की डी येतो आणि सगळी उघडली की सी-शार्प, म्हणजे रीलला लागणारे सगळे स्वर अर्धं भोक न दाबता मिळतात. ट्रेबल इथे गजाचा नाही, त्या जागी कट किंवा आखूड रोल घ्या.

वेग किती असावा?

मापाला दोन ठोके धरून मेट्रोनोम ६० वर लावा. दहा फेऱ्या न अडखळता झाल्या की चाराने वाढवा. बैठकीतला वेग साधारण १०० ते १२० मध्ये असतो. ११२ वर बत्तीस मापांची फेरी ३४ सेकंदांत संपते. ८० ते ९० च्या दरम्यान एक अडथळा हमखास येतो: तिथे कोपराने घेतलेला झोका पुरत नाही आणि मनगटाला काम करावंच लागतं. तो अडथळा आला की वेग वाढवणं थांबवा, ७२ वर या आणि गजाचा कोन पुन्हा तपासा. नाचासाठी वाजवताना वेग नर्तक ठरवतो.

साथीला काय?

पहिल्या भागाला ई मायनर, दुसऱ्या आणि चौथ्या मापाच्या उत्तरार्धात डी. दुसऱ्या भागात डी आणि ए अर्ध्या-अर्ध्या मापाने, चौथ्या-आठव्या मापात ई मायनरवरून डी. गिटारवादक बरेचदा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावतात. बोधरान (डफासारखं आयरिश तालवाद्य) एकच असावा, आणि तबला असेल तर केरव्याचा साधा ठेका, उठाण आणि तिहाई न घेता.

बैठकीत बसण्याचे नियम काय?

आयरिश लोक याला सेशन म्हणतात. सगळे एकच धून एकत्र वाजवतात, वेगळी हार्मनी बहुधा नसते. धून साधारण तीनदा फिरते आणि न थांबता दुसरीत शिरते. बदलाची खूण डोळ्यांनी किंवा एखाद्या हाकेने होते, म्हणून खाली मान घालून वाजवणारा हमखास चुकतो. धून येत नसेल तर वाजवू नका, ऐका. मनात गुणगुणणं चालतं, तारांवर चाचपडणं नाही. ध्वनिमुद्रणाआधी विचारा. एकट्याला सुचलेले मोठे बदल एकट्याने वाजवण्याच्या वेळी करा.

पारंपरिक धाटणीच्या नव्या रीली असतात का? त्या वाजवायला परवानगी लागते?

भरपूर असतात. कॅव्हनमध्ये जन्मलेले आणि फिलाडेल्फियात प्लंबिंगचा व्यवसाय करणारे एड रीव्ही, पूर्व गॉलवेचे पॅडी फाहे, शिकागोच्या लिझ कॅरल यांच्या रचना बैठकींत इतक्या मुरल्या आहेत की नवख्याला त्या जुन्याच वाटतात. फाहेंनी तर आपल्या रचनांना नावंच दिली नाहीत. त्या ‘पॅडी फाहेज’ म्हणूनच ओळखल्या जातात. बैठकीत वाजवण्यावर कोणी आक्षेप घेत नाही, पण ध्वनिमुद्रण प्रसिद्ध करायचं असेल तर रचनाकाराची परवानगी आणि श्रेय हवं. ड्राउझी मॅगीसारखी पारंपरिक धून कोणाच्याही मालकीची नाही. तिची एखाद्याने केलेली विशिष्ट मांडणी किंवा ध्वनिमुद्रण मात्र त्याचं असतं. शीर्षकाखाली ‘पारंपरिक’ लिहिण्याआधी धून खरंच पारंपरिक आहे का, ते तपासा.

पावसाळ्यात फिडल चिकट वाजतं, ट्रेबल उठतच नाही.

कोकण, गोवा, मुंबईच्या दमट हवेत राळ लवकर चिकटते आणि गजाचे केस लांबून सैल पडतात. वाजवण्याआधी गज नेहमीपेक्षा किंचित जास्त ताणा, पण काठीची आतली कमान सरळ होईल इतका नाही. राळ निम्मी लावा. वाजवून झाल्यावर तारांवरची आणि फिडलच्या पोटावरची पूड कोरड्या कापडाने पुसा आणि गज सैल करूनच ठेवा. खुंट्या फुगून अडकल्या तर जोर लावू नका, थोडी खुंटी बाहेर ओढून मग फिरवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या तर त्या महिन्याभराने बदला. कोरड्या हिवाळ्यात, विशेषतः विदर्भ-मराठवाड्यात, याच खुंट्या घसरतात. तेव्हा पुड्या काढून टाका आणि खुंटी फिरवताना आतल्या बाजूला दाबत फिरवा.